शिवगंगाक्कांच्या तीन रायफली

शिवगंगाक्का गेल्या, आणि त्यांच्या पुतण्यानं अणदूरच्या चौकात बॅनर लावला. फोटो कुणीतरी माझ्या मोबाईलवर पाठवला. ‘शांत, सोशिक व मायाळू व्यक्तिमत्त्व’. चष्मा पुसून मी पुन्हा वाचलं. तेच होतं. अक्का शांत असतील तर मी विश्वसुंदरी आहे. ती बाई आयुष्यभर चिडलेली होती, योग्य माणसांवर आणि योग्य कारणांसाठी. तिचा तेवढा राग तरी तिच्याजवळ राहू द्यायचा होता. मेल्यावर तोही काढून घेतला. म्हणून लिहायला बसले आहे, आणि मीही काही शांतपणे लिहिणार नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा नवी शिक्षिका, बी.एड.ची शाई ओली, दोन वेण्या सोडून नुकताच एक अंबाडा घातलेला, आणि आपला आवाज फार गोड आहे असा ठाम गैरसमज. शाळेच्या मागं अक्कांचं शेत. एके सकाळी प्रार्थनेच्या वेळी तिकडून गोळीचा आवाज आला. मी तरातरा शेतात गेले. विहिरीच्या कट्ट्यावर इरकल नेसलेली, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म लावलेली एक ताठ बाई मांडीवर रायफल घेऊन बसली होती.

“तुमच्या बंदुकीला आमची मुलं घाबरतात,” मी गोड आवाजात सांगितलं.

“कुठली पोरं?”

“सगळी.”

अक्कांनी माझ्या मागं बोट दाखवलं. माझा अख्खा वर्ग बांधावर ओळीनं उभा होता, आणि पुढची गोळी कधी उडते याची वाट बघत होता. घाबरलेलं पोर एकच होतं आणि ते बी.एड. होतं.

“बस, मास्तरीण,” त्या म्हणाल्या. “पाणी पी. आदी नीट बघून ये म्हनावं ह्येला, मग बोल म्हनावं.” ‘ह्येला’ म्हणजे माझ्या तोंडाला. त्या दिवसापासून मी त्यांची मास्तरीण झाले. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, अजून शंका आहे.

अक्का कट्टर शाकाहारी. घरात अंड्याचं टरफल आलेलं चालत नसे. मुंगी चिरडली तर ‘शिवा शिवा’ म्हणायच्या. आणि परवाना मात्र पीकसंरक्षणाचा, रायफली तीन. नवरा, मल्लिनाथप्पा, लवकर गेले, मूलबाळ नाही, शेतातल्या दोन खोल्यांत ही बाई एकटी राहायची आणि भुईमुगात शिरणारी रानडुकरं हाकलायची. मारायची नाही, हाकलायची. डुकराच्या शेजारच्या बांधात गोळी घालायची, माती उडाली की कळप पळाला. मी एकदा माझ्या मते फार हुशार प्रश्न विचारला, की मारायचंच नसेल तर इतका नेम हवा कशाला?

अक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझी डिग्री परत करावीशी वाटली.

“मारनाऱ्याचा नेम चुकला तर डुक्कर वाचतंय. माझा चुकला तर मरतंय. नेम कुनाला लागतो मग? सांग की.”

त्यांच्या घरात फळीवर तीन बाटल्या असत. नळीला लावायचं बंदुकीचं तेल, लाकडाला लावायचं जवसाचं, आणि डोक्याला खोबऱ्याचं. त्यांची कधी गल्लत झाली नाही. माझी झाली. लग्नाला जायचं म्हणून मी त्यांच्याकडं केस नीट करायला बसले आणि मधल्या बाटलीतलं चोळलं. जवसाचं तेल वाळलं की लाकडावर पापुद्रा धरतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या लग्नाच्या फोटोत माझं डोकं पॉलिश केलेल्या टेबलासारखं दिसतं. अक्कांनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, “कुंदा झकास झालाय.” रायफलचा जो लाकडी भाग खांद्याला टेकतो त्याला कुंदा म्हणतात.

त्यांचं एक वाक्य होतं: शेजारी ठेव, मग बोल. दोन विळे असोत, दोन बियाणी असोत, की गावातले दोन पुढारी. एकट्या वस्तूची स्तुती केली की त्या भडकत. “एकलीच हाय तर ती चांगली कशावरनं? शेजारी ठेव, मग बोल.” रायफलींचं तर विचारूच नका. एक होती बावीस बोअरची, लहान, हलकी. ती मल्लिनाथप्पांनी लग्नानंतर खास त्यांच्यासाठी घेतलेली. दुसरी देशी, तीनशे पंधरा बोअरची, जड, राकट, कुंद्याचं लाकूड असं की जणू जू तोडून केलंय. तिसरी सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, निजामाच्या काळात हैदराबादहून आणलेली परदेशी, अक्रोडाच्या लाकडाची, त्यावर नागमोडी रेषा आणि बारीक नक्षी. तिन्हींना कडीची रायफल म्हणायच्या, कारण दाराच्या कडीसारखा एक दांडा उचलायचा, मागं ओढायचा, पुढं ढकलून पाडायचा, तेव्हा एक काडतूस आत जातं. “एका वेळी एकच. म्हंजे मानूस इच्यार करतंय,” हे वर.

तिसरी, सासऱ्यांची, अक्कांच्या घरी नव्हती. परवाना अक्कांच्या नावावर, पण मल्लिनाथप्पा गेल्यावर धाकटे दीर सिद्रामप्पा तिला आपल्या सोप्यात घेऊन गेले आणि भिंतीवर टांगली. घराण्याची इज्जत म्हणे. अक्कांनी तेव्हा भांडून बघितलं. “हत्यार ज्याच्या नावावर त्याच्या कुलपात,” त्या म्हणाल्या. सिद्रामप्पा म्हणाले, “वैनी, तुमी एकल्या बाई, चोरी झाली तर?” दोन रायफली एकटीच्या कपाटात चालत होत्या, तिसरीलाच चोर येणार होता. मला अजून तो प्रश्न आठवला की दात आवळले जातात.

सिद्रामप्पांचा मुलगा महेश. तिशीतला, पांढरे कपडे, चौकात उठबस. एका वर्षी त्याच्या वाढदिवसाचा बॅनर लागला, त्यात हा पठ्ठ्या भिंतीवरची रायफल हातात घेऊन उभा, नळी थेट बॅनर बघणाऱ्याच्या पोटाकडं, बोट घोड्यावर. अक्का बाजाराला आल्या होत्या. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, पानटपरीवरून शिडी ओढून आणली आणि म्हणाल्या, “मास्तरीण, शिडी धर.” मी धरली. वय विचारू नका दोघींचं. त्यांनी बॅनर फाडला नाही. फळ्यावर लिहायला माझ्या पर्समध्ये खडू असायचा, तो घेतला आणि महेशच्या घोड्यावरच्या बोटावर काट मारली. फक्त बोटावर. खाली जमलेल्या माणसांना म्हणाल्या, “मारायचं नसंल तवर बोट भायेर. एवढं तरी शिकवा कुनी ह्येला.”

संध्याकाळी महेश शेतात आला. “काकू, चौकात माझी लाज काढली.”

“तुझी कुठं काढली? बोटाची काढली. तुझी काढायची अजून हाय.”

आता मूळ गोष्ट. काही वर्षांपूर्वी कायदा बदलला. एका माणसाला तीन हत्यारं चालायची, ती दोनवर आली. तिसरं जमा करायचं. अक्कांना एक रायफल सोडावी लागणार होती.

सिद्रामप्पांच्या सोप्यात बैठक झाली. अक्का गेल्या, मला घेऊन गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा ठरूनच गेलं होतं. चहासुद्धा पिऊन झाला होता.

“वैनी, बावीसची जमा करायची,” सिद्रामप्पा म्हणाले. “ती काय, खेळन्यातली. आबांची रायफल घरान्याची हाय, ती ऱ्हाईल. देशी हाय ती मोठी हाय, ती ऱ्हाईल.”

“कुनी ठरवलं?”

“सगळ्यांनी.”

“मी कुठं होते?”

“तुमी आता आलाव न्हवं.”

त्यांनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की मला माझी तरुणपणची आठवण झाली.

बावीसची गेली तर काय होणार हे त्या सोप्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. देशीचा धक्का अक्कांच्या खांद्याला आता सोसत नव्हता. शेवटची उडवली तेव्हा आठवडाभर हात वर गेला नव्हता. आबांची सिद्रामप्पांच्या भिंतीवर. म्हणजे अक्कांच्या हाती काही उरणार नव्हतं. मग भुईमूग डुकरं खाणार, मग ‘वैनी, एकटीनं कशाला राबता’ सुरू होणार, मग शेत सिद्रामप्पांच्या औताखाली आणि अक्का त्यांच्या मागच्या खोलीत. महेश तर बोलूनही गेला, “काकू, तसंबी तुमी आता गावात यायला पायजे.” रायफलीचं निमित्त होतं. अक्कांनाच जमा करायचं होतं.

मी बोलायला तोंड उघडलं. अक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “साक,” म्हणाल्या. रागाच्या टोकाला गेल्या की कानडीवर यायच्या. साक म्हणजे पुरे. मग सिद्रामप्पांकडं वळून म्हणाल्या, “तिन्ही शेजारी ठेवू. उडवून बघू. जी हरंल ती जाईल. आबांची जिंकली तर बावीसची मी सवता जमा करते.”

पुरुषमंडळी हसली. परदेशी बनावट, निजामाच्या काळातली, अक्रोडाचं लाकूड. हरणार कशी?

गावाबाहेर बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिन्ही बाजूंनी उंच कडा. तिथं सकाळी गेलो. मातीच्या ढिगाला पाट्या टेकवल्या, पाट्यांवर कागद. अक्कांनी वाळूची पोती रचली, रायफल त्यावर टेकवून उडवायची, म्हणजे हाताचा दोष रायफलीवर जायला नको. देशी महेशनं उडवायची, आबांची त्यानंच, बावीसची अक्कांनी आणि मग महेशनंही. “माझ्या हाताची जादू हाय म्हनाल न्हायतर.” कुणीही उडवत असताना बाकीच्यांना पोत्यांच्या मागं उभं केलं. सिद्रामप्पा पुढं सरकले तर, “सिद्राम, मागं हो. तुझं श्राद्ध करायला मला येळ न्हाय.”

बावीसच्या सगळ्या गोळ्या अक्कांच्या हातून एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा लागल्या. महेशच्या हातून वाटीखाली. देशीच्या ताटलीखाली, पण एकही काडतूस फुसकं गेलं नाही, कडी एकदाही अडली नाही. “रांगडी हाय पर खोटं बोलत न्हाय,” अक्का म्हणाल्या आणि तिच्या त्या ओबडधोबड कुंद्यावर थोपटलं, जसं बैलाला थोपटतात.

मग आबांची. महेशनं पहिली उडवली. कागदावर काहीच नाही. दुसरीला कडी उघडेना. त्यानं ओढली, हिसका दिला, आणि मग काय करावं त्यानं? खाली वाकून दगड उचलला आणि कडीच्या दांड्यावर मारला. 

अक्का ओरडल्या नाहीत. मी आजवर पाहिलेली ती त्यांची सगळ्यात भयंकर चीड. चालत गेल्या, त्याच्या हातून दगड घेतला, लांब टाकला, रायफल घेतली. तेल सोडून, हळूहळू हलवत कडी बाहेर काढली. बोटानं पुसून बोट सगळ्यांसमोर धरलं.

काळी पेस्ट होती. तेल, त्यात राख, त्यात कुंकवाचा लाल कण, आणि नारळाच्या शेंडीचा एक तंतू.

सिद्रामप्पा म्हणाले, “अंगारा हाय तो. खंडेनवमीला पूजा होती तिची.”

होत होती, दर वर्षी. भिंतीवरून उतरवायची, कडी उघडायची, देवाला जसं नखशिखांत माखतात तसं आतून बाहेरून भस्म, वर तेल, वर नारळाचं पाणी, आणि तशीच ओली परत भिंतीवर. विळे, कुऱ्हाडी, ट्रॅक्टर यांची पण पूजा व्हायची, पण त्यांना दुसऱ्या दिवशी काम असायचं, घासून जायचं. हिला काम नव्हतं. हिला फक्त मान होता. भस्म आणि तेल एकत्र केलं की भांडी घासायची चांगली पूड होते; त्या पुडीनं आबांची रायफल वर्षानुवर्षं आतून घासली गेली होती आणि उरलेलं नारळपाण्यानं गंजवलं होतं. अक्कांनी नळीतून उजेडाकडं बघितलं आणि मला बघायला दिली. आत देवीचे वण असतात तसे खड्डे होते.

“अंगारा कपाळाला लावत्यात,” अक्का म्हणाल्या. “घशात कोंबत न्हाईत.”

“देवाच्या गोष्टीला नाव ठिवू नका वैनी.”

“देवाला कशाला ठिवू? देवानं सांगितलं व्हतं व्हय पुसू नको म्हनून?”

तिथं संपायला हवं होतं. पण अक्का त्या रायफलीला घरी घेऊन गेल्या. मी रोज शाळेच्या वेळेला, म्हणजे निवृत्त झाले होते तरी त्याच वेळेला, जायचे. त्या मल्लिनाथप्पांच्या जुन्या धोतराच्या चिंध्या करून नळी पुसत बसलेल्या. चिंधी काळी यायची, दुसरी घालायच्या. मी म्हटलं, “अक्का, ती हरली. कशाला?” 

“गप बस. धुतल्यावर बगू. मळक्या तोंडानं परीक्षा घेतली म्हनतील.”

तेव्हा मला कळलं की ही बाई आबांची रायफल जिंकावी म्हणून धडपडतेय. जिंकली असती तर स्वतःची बावीसची देऊन टाकली असती, शब्द दिला होता. मल्लिनाथप्पा त्या रायफलीवरच नेम धरायला शिकले होते आणि त्यांनी अक्कांना शिकवलं होतं. पुन्हा खाणीत गेलो, आम्ही दोघी आणि सिद्रामप्पा. या वेळी अक्कांनी स्वतः उडवली. खांद्याला उशी लावून. कडी लोण्यासारखी चालली. गोळ्या मात्र कागदभर पसरल्या, एक तर पाटीच्या बाहेर. अक्कांनी कुंद्यावरून हात फिरवला. मग उठल्या आणि म्हणाल्या, “लाकूड झकास हाय. पर लाकूड गोळी मारत न्हाय.”

सिद्रामप्पा काय म्हणाले सांगू? म्हणाले, “वैनी, पर दिसायला तीच बरी दिसती न्हवं. भितीवर काय बावीसची लावायची?”

म्हणजे सगळं बघून, खाणीत दोनदा येऊन, काळी पेस्ट डोळ्यांनी पाहून, पुन्हा तेच. या माणसाला कुणी खोटं ठरवू शकत नव्हतं, कारण तो ऐकतच नव्हता. मी आयुष्यभर असल्या विद्यार्थ्यांना पास केलं, त्याचा मला अजून राग येतो.

अक्का त्याच पावली त्यांच्या सोप्यात गेल्या. मी मागून. घरातल्या बायका दारात, महेश झोपाळ्यावर. अक्का खाली मांडी घालून बसल्या, ओच्यातून पेचकस काढला, आबांची रायफल मांडीवर उलटी घेतली आणि खालचे दोन स्क्रू काढले. लोखंड लाकडातून अलगद सुटलं. अक्रोडाचा तो नक्षीदार कुंदा, नळीची खाच रिकामी, त्यांनी दोन्ही हातांनी सिद्रामप्पांसमोर धरला, ओटी भरताना नारळ धरावा तसा.

“घे. तुमाला लाकूडच पायजे व्हतं. लाकडाला परवाना लागत न्हाय. भितीवर लाव, माळ घाल, वर्षातनं एकदा नारळ फोड. कुनाला लागायचं न्हाय.”

“वैनी, आबांची निशानी तोडली तुमी.”

“तोडली न्हाय, वाटून दिली. तुला दिसनारी अर्धी दिली. मारनारी अर्धी मी नेते.”

महेश उठून काहीतरी म्हणणार होता. त्याच्या आईनं, जी त्या घरात कधी बोलत नसे, त्याला सांगितलं, “बस खाली.” तो बसला. मी तेव्हापासून त्या बाईला मनातल्या मनात नमस्कार करते.

दुसऱ्या दिवशी आम्ही धाराशिवला गेलो, जमा करायला. मला पुढं पुण्याला लेकीकडं जायचं होतं, कायमचंच, म्हणून सोबत निघाले. एसटीत गोधडीत गुंडाळलेलं लोखंड आम्हा दोघींच्या मांडीवर आडवं. वाटेत अक्का एकदाही कुणावर चिडल्या नाहीत, तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती. ठाण्यातला माणूस बरा होता. कुंदा कुठाय म्हणाला, अक्कांनी सांगितलं, त्यानं साहेबांना विचारलं आणि घेतलं. कडी नीट बसवून अक्कांनी एकदा उघडली, एकदा लावली, आणि टेबलावर ठेवली. नळी भिंतीकडं करून.

बाहेर स्टँडवर माझी पुण्याची गाडी तासाभरानं होती, त्यांची तुळजापूर-अणदूरची लागलेली. त्या चढल्या. बाहेरच्या कडेला बसल्या, खिडकीजवळची जागा मोकळी; एसटीत मल्लिनाथप्पा खिडकीपाशी बसायचे, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. मी खाली खिडकीशी उभी राहिले. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, आयुष्यभर भाषा शिकवली, तोंडातून आलं, “पोचलात की फोन करा.” त्यांनी मान हलवली.

गाडी भरली. एक माणूस, हातात पिशव्या, अक्कांपाशी थांबला. “आजी, आत सरका की.”

अक्का सरकल्या नाहीत.

“आजी, तितं कोन न्हाई. मी बसतो.”

“न्हाय,” अक्का म्हणाल्या. “बसलेत तितं.”

त्यानं मोकळ्या सीटकडं पाहिलं. कंडक्टरकडं पाहिलं. कंडक्टरनं अक्कांकडं पाहिलं, आणि घंटीची दोरी ओढली. गाडी हलली, तो माणूस पिशव्या घेऊन उभाच.